आज्ञावली स्मृतीत कशी उतरते

संगणकाला एखादी आज्ञावली चालवावयास सांगितली, की ती तत्काळ चालू लागते, असा आपला रोजचा अनुभव आहे. वस्तुतः सांगणे आणि चालणे यांच्यामध्ये बरेच काही घडत असते. तबकडीवर साठविलेली फाइल ही निश्चल वस्तू होय. तिच्यातील आज्ञा स्मृतीत नेऊन ठेवाव्या लागतात, त्यांना लागणारी जागा राखून ठेवावी लागते, त्यांच्यात लिहिलेले पत्ते खरे ठरतील अशी व्यवस्था करावी लागते आणि अखेरीस पहिली आज्ञा कोणती हे प्रक्रियकास दाखवून द्यावे लागते. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस लोडर, म्हणजे भरणी करणारी, असे म्हणतात. आधुनिक यंत्रांत हे काम बहुतांशी संचालन प्रणालीच करीत असते.

लोडरला फाइलीचा अर्थ कळत नाही. ती पगाराचा हिशेब करणार आहे की बुद्धिबळ खेळणार आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. रेल्वेच्या मालधक्क्यावरील हमाल गाठोडे उघडून पाहत नाही. बिल्टीवर काय लिहिले आहे तेवढे पाहून तो माल योग्य जागी ठेवतो. चालविण्याजोग्या फाइलीच्या आरंभीही अशीच एक बिल्टी असते. तिला आपण शीर्षपत्र म्हणू. या शीर्षपत्रात काय लिहावे लागते आणि का, हे समजले म्हणजे फाइलीच्या रचनेचे बहुतेक सर्व मर्म हाती येते.

मूळ अडचण पत्त्याची

संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने क्रमांक दिलेल्या घरांची एक लांबलचक आळी होय. त्या क्रमांकाला पत्ता म्हणतात. ‘चोविसाव्या घरातील संख्या उचल’, ‘सोळाव्या घरातील आज्ञेकडे जा’ अशा स्वरूपाच्या आज्ञा यंत्रास द्याव्या लागतात. परंतु आज्ञावली लिहिणाऱ्याला ती स्मृतीत कोठे ठेवली जाईल हे सहसा ठाऊक नसते. शिवाय मोठी आज्ञावली एका वेळी एका हाताने लिहिली जात नाही. तिचे अनेक तुकडे असतात, आणि प्रत्येक तुकडा आपण शून्य क्रमांकाच्या घरापासून राहणार आहोत असे समजून तयार झालेला असतो. सर्वांनाच शून्यापासून जागा देणे अर्थातच अशक्य आहे.

ही अडचण संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात ‘एडसॅक’ या यंत्रावर ६ मे १९४९ रोजी पहिली आज्ञावली चालली. तेथे आज्ञा कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने नोंदविल्या जात. ती फीत वाचून आज्ञा स्मृतीत भरण्यासाठी यंत्रात ३१ प्रारंभिक आज्ञांचा एक संच कायमचा बसविलेला होता; टेलिफोन केंद्रात त्या काळी वापरीत तशा स्विचांवर त्याची जोडणी केलेली होती. वर्ष संपण्यापूर्वीच डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने तो संच नव्याने रचला. नव्या योजनेत आज्ञेतील पत्त्यामागे एक खूणअक्षर लिहिता येई. विशिष्ट अक्षर असले, म्हणजे तो पत्ता त्या तुकड्याच्या आरंभापासून मोजलेला आहे असे समजून भरणी करतानाच त्यात आरंभाचा क्रमांक मिळविला जाई. त्यामुळे एकदा लिहिलेली उपआज्ञावली कोणत्याही जागी ठेवता येऊ लागली आणि अशा तयार उपआज्ञावलींचा संग्रह करणे शक्य झाले. आजच्या सर्व फाइलरचनांचे बीज या एका खूणअक्षरात आहे. तुकड्याबरोबर त्याच्या दुरुस्तीची सूचनाही पाठवावयाची, हे ते तत्त्व होय.

सोळा बाइटांचे शीर्षपत्र

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी यांनी ‘युनिक्स’ ही संचालन प्रणाली घडविली. ‘पीडीपी-११’ या यंत्रावर तिची जी फाइलरचना प्रचलित झाली, ती अभ्यासासाठी फार सोयीची आहे. कारण ती लहान आहे आणि तिच्यात अनावश्यक असे जवळजवळ काहीच नाही. तिचे नाव ‘ए डॉट आउट’, म्हणजे असेंब्लरमधून बाहेर पडलेले फळ.

१९७९ साली प्रसृत झालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत या फाइलीचे शीर्षपत्र आठ यंत्रशब्दांचे होते. प्रत्येक शब्द दोन बाइटांचा, म्हणजे एकूण सोळा बाइट. पहिल्या शब्दात फाइलीची ओळख पटविणारा अंक असे. दुसऱ्यात आज्ञांच्या विभागाची लांबी, तिसऱ्यात आरंभी ठराविक मूल्ये असलेल्या माहितीची लांबी, चौथ्यात आरंभी केवळ शून्ये असणाऱ्या माहितीची लांबी, पाचव्यात नावांच्या यादीची लांबी आणि सहाव्यात पहिल्या आज्ञेचा पत्ता. सातवा शब्द न वापरलेला. दुरुस्तीच्या सूचना काढून टाकल्या आहेत की नाहीत, हे आठवा सांगे.

यांपैकी चौथी नोंद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एखाद्या आज्ञावलीला हजार संख्यांची कोरी वही हवी असली, तर हजार शून्ये फाइलीत लिहून ठेवण्यात अर्थ नाही. ‘इतकी कोरी जागा द्यावी’ एवढे लिहिले की पुरते. या विभागाला ‘बीएसएस’ म्हणतात. हे नाव १९५० च्या दशकात आयबीएम ७०४ या यंत्रासाठी तयार झालेल्या असेंब्लरमधील एका आज्ञेचे होते. ते यंत्र केव्हाच वस्तुसंग्रहालयात गेले. नाव मात्र आजही वापरात आहे.

ओळखीच्या अंकाची कथाही अशीच मनोरंजक आहे. सातव्या आवृत्तीत हा अंक अष्टमान पद्धतीने ४०७ असा होता. हा आकडा लहरीने निवडलेला नव्हता. पीडीपी-११ यंत्राच्या भाषेत ४०७ ही एक आज्ञा आहे आणि तिचा अर्थ ‘पुढील सात शब्द ओलांडून जा’ असा होतो. आठ शब्दांच्या शीर्षपत्रातील पहिला शब्द वाचला, उरलेले सात ओलांडले, की यंत्र नेमके पहिल्या खऱ्या आज्ञेपाशी येऊन पोचते. १९७१ मधील पहिल्या आवृत्तीत शीर्षपत्र सहा शब्दांचे होते आणि तेव्हा हा अंक ४०५, म्हणजे ‘पाच शब्द ओलांडा’ असा होता. बिल्टी गाठोड्यासकट स्मृतीत गेली तरी काम अडू नये, अशी ही योजना होती. पुढे शीर्षपत्र स्मृतीत नेण्याचे कारण उरले नाही आणि ती उडी कोणी मारीनासे झाले. तरी अंक कायम राहिला, कारण असंख्य फाइलींची ओळख त्यावरच पटत होती.

दोन तुकड्यांची सांधणी

आता एक लहान उदाहरण घेऊ. एका आज्ञावलीचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन तुकडे आहेत. ‘अ’ मध्ये आज्ञांचे १६ बाइट आणि माहितीचे १० बाइट आहेत. ‘ब’ मध्ये आज्ञांचे ८ बाइट, माहितीचे ४ बाइट आणि कोऱ्या जागेचे २०० बाइट आहेत. ‘अ’ मधील एक आज्ञा ‘बेरीज’ नावाच्या उपआज्ञावलीस हाक मारते. ती ‘अ’ मध्ये नाही, ‘ब’ च्या अगदी आरंभी आहे.

हे तुकडे जोडणाऱ्या आज्ञावलीला लिंकर म्हणतात. ती प्रथम एकाच जातीचे विभाग एकत्र आणते. ‘अ’ च्या आज्ञा ० ते १५ या घरांत राहतील, ‘ब’ च्या १६ ते २३ मध्ये. त्यानंतर ‘अ’ ची माहिती २४ ते ३३ मध्ये आणि ‘ब’ ची ३४ ते ३७ मध्ये. कोरी जागा ३८ पासून २३७ पर्यंत. जागा ठरल्यानंतर पत्त्यांची दुरुस्ती सुरू होते. ‘ब’ आपल्यापुरता शून्यापासून मोजीत होता, म्हणून त्याच्या हिशेबाने त्याची माहिती ८ क्रमांकापासून होती. ती आता ३४ पासून आहे. तेव्हा ‘ब’ मध्ये जेथे जेथे स्वतःच्या माहितीचा पत्ता लिहिला असेल, तेथे तेथे २६ मिळवावे लागतील. ‘अ’ ची माहिती १६ वरून २४ वर गेली, म्हणून तेथे ८ मिळवावयाचे. ‘बेरीज’ या नावाच्या जागी १६ हा पत्ता लिहावयाचा.

परंतु एखाद्या शब्दातील आकडा हा पत्ता आहे की साधी संख्या आहे, हे लिंकरला कसे कळावे? नुसत्या आकड्याकडे पाहून ते कळणे शक्य नाही. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत दुरुस्तीच्या सूचनांचा एक विभाग जोडलेला असतो. पीडीपी-११ वरील रचनेत प्रत्येक शब्दामागे एक सूचनाशब्द असे. ‘यास हात लावू नये’, ‘हा आज्ञाविभागातील पत्ता आहे’, ‘हा माहितीविभागातील पत्ता आहे’ किंवा ‘हे परक्या तुकड्यातील नाव आहे’ असे तो सांगे. दुरुस्ती पूर्ण झाली की सूचना आणि नावांची यादी काढून टाकता येते. मग आपल्या उदाहरणातील फाइल १६ अधिक २४ अधिक १४, अशी केवळ ५४ बाइटांची उरते. चालू लागल्यावर मात्र ती स्मृतीतील २३८ घरे व्यापते. फाइलीचा आकार आणि स्मृतीतील आकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट दिसते.

वाचकास येथे अशी शंका येईल, की प्रत्येक आज्ञावली शून्यापासून मांडलेली असेल, तर एकाच वेळी दोन आज्ञावली कशा चालतील? याचे उत्तर यंत्राच्या बांधणीत आहे. पीडीपी-११ च्या मोठ्या नमुन्यांत पत्त्यांचे भाषांतर करणारी व्यवस्था होती. प्रत्येक आज्ञावलीला स्वतःचे स्वतंत्र शून्य मिळे आणि प्रत्यक्ष स्मृतीतील जागा यंत्र स्वतः शोधून घेई.

या व्यवस्थेमुळे आणखी एक लाभ झाला. पाच जण एकच संपादक-आज्ञावली वापरीत असतील, तर तिच्यातील आज्ञांच्या पाच प्रती कशाला हव्यात? आज्ञा बदलत नाहीत. बदलते ती माहिती. म्हणून आज्ञांवर ‘लिहिण्यास मनाई’ अशी खूण करून एकच प्रत सर्वांत वाटून घ्यावी, अशी कल्पना पुढे आली. अशा फाइलीचा ओळखअंक ४१० असे. परंतु यंत्राला ही मनाई ८,१९२ बाइटांच्या खंडावरच घालता येत असे. म्हणून आज्ञा एका खंडात आणि माहिती पुढील खंडाच्या आरंभी ठेवणे भाग होते. आपल्या उदाहरणातील माहिती ४०७ जातीच्या फाइलीत २४ क्रमांकापासून होती. तीच ४१० जातीच्या फाइलीत ८१९२ पासून सुरू होईल आणि सर्व पत्ते त्याप्रमाणे बदलतील. ओळखअंक हे केवळ नाव नसून राहण्याच्या व्यवस्थेविषयीचा करार असतो, तो असा.

एल्फ: एका फाइलीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी

यंत्रे वाढली, भाषा वाढल्या, तशी सोळा बाइटांची बिल्टी अपुरी पडू लागली. युनिक्सच्या ‘सिस्टिम पाच’ या शाखेत प्रथम ‘कॉफ’ ही रचना आली आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिची जागा ‘एल्फ’ या रचनेने घेतली. एल्फ म्हणजे ‘एक्झिक्यूटेबल अँड लिंकेबल फॉरमॅट’, चालविता येईल आणि सांधताही येईल अशी मांडणी. लिनक्सने १९९५ च्या सुमारास ए डॉट आउट सोडून एल्फचा स्वीकार केला. तरीही जुन्या फाइली चालविण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यातून अखेर काढून टाकण्यास २०२२ साल उजाडले.

एल्फ फाइलीचा पहिला बाइट १२७ हे मूल्य धारण करतो आणि त्यापुढे ‘ई’, ‘एल’, ‘एफ’ ही रोमन अक्षरे असतात. पाचवा बाइट पत्ते ३२ अंशांचे की ६४ अंशांचे हे सांगतो, तर सहावा बाइट मोठ्या संख्येचे बाइट कोणत्या क्रमाने वाचावे हे सांगतो. पुढे यंत्राच्या जातीचा क्रमांक येतो. तो ६२ असेल तर फाइल आजच्या सर्वसामान्य ६४ अंशी वैयक्तिक संगणकासाठी आहे असे समजावे. फाइल परक्या यंत्राची असेल, तर लोडर ती येथेच परत पाठवितो. हा नकार महत्त्वाचा आहे. परक्या यंत्राच्या आज्ञा आपल्या समजून चालविल्या तर काय होईल याचा नेम नाही.

एल्फचे खरे वैशिष्ट्य असे, की तिच्यात दोन स्वतंत्र तक्ते असतात. एक तक्ता लिंकरसाठी असतो. त्यात आज्ञा, स्थिर मूल्ये, नावे, दुरुस्तीच्या सूचना असे बारीक विभाग दाखविलेले असतात. दुसरा तक्ता लोडरसाठी असतो आणि त्यात मोजकेच मोठे खंड असतात. प्रत्येक खंडाबद्दल तो फाइलीत कोठे आहे, स्मृतीत कोठे ठेवावयाचा, फाइलीतील लांबी किती, स्मृतीतील लांबी किती, आणि तेथे वाचणे, लिहिणे व चालविणे यांपैकी कशाची परवानगी आहे, एवढे लिहिलेले असते. फाइलीतील लांबीपेक्षा स्मृतीतील लांबी अधिक असेल, तर उरलेली जागा शून्यांनी भरावयाची. जुना बीएसएस विभाग येथे असा नव्या रूपात भेटतो.

लोडरही आता सगळी फाइल एकदम उचलीत नाही. ‘हा खंड या पत्त्यांवर आहे असे समजावे’ अशी नोंद तो पत्त्यांच्या कोष्टकात करतो आणि आज्ञावलीस सुरुवात करून देतो. सामान्यतः ४,०९६ बाइटांचे एक पान धरले जाते. ज्या पानाची प्रत्यक्ष गरज पडेल तेवढेच पान त्या क्षणी तबकडीवरून आणले जाते. मोठ्या आज्ञावली चटकन सुरू होतात, याचे हे एक कारण होय.

सामायिक संग्रह आणि अज्ञात पत्ता

मजकूर छापणे, गणिती फले काढणे यांसारख्या उपआज्ञावली जवळजवळ सर्वांनाच लागतात. प्रत्येक फाइलीत त्यांची प्रत ठेवण्याऐवजी एकच सामायिक संग्रह ठेवावा आणि जोडणी प्रत्यक्ष चालविण्याच्या वेळी करावी, ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. अशा एल्फ फाइलीत सहायक लोडरचे नाव लिहिलेले असते. संचालन प्रणाली प्रथम त्याला स्मृतीत आणते. तो लागणारे संग्रह शोधतो, पत्ते जुळवितो आणि मग मुख्य आज्ञावलीकडे सूत्रे सोपवितो.

संग्रहातील आज्ञांची पाने अनेक आज्ञावलींत वाटलेली असल्याने त्यांत कोणा एकीसाठी पत्ते लिहिता येत नाहीत. म्हणून त्या आज्ञा ‘घर क्रमांक अमुक’ असे न म्हणता ‘माझ्यापासून इतक्या घरांवर’ असे म्हणतात, आणि बदलणारे पत्ते प्रत्येक आज्ञावलीच्या स्वतःच्या माहितीविभागातील एका लहान तक्त्यात ठेवले जातात. आज्ञा सर्वांच्या, तक्ता ज्याचा त्याचा.

या सोयीचा उपयोग पुढे वेगळ्याच कारणासाठी झाला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेतील संगणकजालात एक स्वयंप्रसारी आज्ञावली पसरली. ‘मॉरिस वर्म’ या नावाने ती ओळखली जाते. तिची एक युक्ती अशी होती: वापरणाऱ्यांची माहिती देणाऱ्या एका सेवा-आज्ञावलीने ५१२ बाइटांची जागा राखली होती, तीत ५३६ बाइटांचा संदेश घुसविण्यात आला. संदेशातच आज्ञा दडविलेल्या होत्या, आणि जास्तीच्या बाइटांनी परत जाण्याचा पत्ता पुसून तेथे त्या दडलेल्या आज्ञांचा पत्ता लिहिला. जी केवळ माहिती असावयास हवी होती, ती आज्ञा म्हणून चालली.

शीर्षपत्रातील परवानग्यांचे मोल येथे कळते. लिहिता येईल अशा जागेतून आज्ञा चालविता येऊ नयेत, हा निर्बंध आज फाइलीच्या तक्त्यात नोंदविलेला असतो आणि २००३ मध्ये आलेल्या एएमडीच्या ६४ अंशी प्रक्रियकांपासून सामान्य वैयक्तिक संगणकही तो पानापानावर पाळू लागले. दुसरा उपाय पत्त्याचा. २००१ साली लिनक्ससाठी चाललेल्या ‘पॅक्स’ या प्रकल्पाने आज्ञावलीचे खंड दर वेळी निरनिराळ्या, यदृच्छेने निवडलेल्या जागी ठेवण्याची पद्धत अमलात आणली. पत्ता ठाऊक नसला म्हणजे हल्लेखोराला उडी कोठे मारावी हे कळत नाही. आपण कोठे राहणार हे आज्ञावलीला ठाऊक नसणे ही १९४९ मधील अडचण होती. तेच अज्ञान आज तिचे संरक्षण ठरले आहे.

शीर्षपत्र काय सांगत नाही

आजची कोणतीही विंडोज आज्ञावली उघडून पाहिली, तर तिच्या आरंभी ‘एम’ आणि ‘झेड’ ही अक्षरे आढळतात. एमएस-डॉस प्रणालीसाठी फाइलरचना करणाऱ्या मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची ती आद्याक्षरे होत. १९९३ साली ‘विंडोज एनटी’ बरोबर नवी रचना आली, तरी जुने शीर्षपत्र पुढे ठेवावे लागले. त्यामागे एक लहानशी डॉस-आज्ञावली असते. चुकून डॉसखाली फाइल चालविल्यास ‘ही आज्ञावली येथे चालणार नाही’ अशा अर्थाचे वाक्य दाखवून ती थांबते. अनेकांनी विसंबून राहण्यास सुरुवात केलेला करार मोडणे किती कठीण असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

परंतु करार हा मांडणीचा असतो, हेतूचा नव्हे. १९८७ मध्ये आढळलेला ‘जेरुसलेम’ नावाचा संगणकविषाणू डॉसच्या फाइलींना आपल्या आज्ञा जोडून देई आणि आरंभाचा पत्ता बदलून प्रथम स्वतःकडे सूत्रे घेई. फाइलीचे शीर्षपत्र तरीही नियमानुसारच असे. लोडरने ते वाचले, आकडे जुळले, आणि माल जागेवर ठेवला. त्याच्या कामात चूक नव्हती. म्हणूनच फाइल कोणी तयार केली आणि वाटेत ती कोणी बदलली नाही ना, हे पडताळण्यासाठी अंकीय स्वाक्षरीसारखी निराळी व्यवस्था आज करावी लागते.

बिल्टीवरून गाठोडे कोठे ठेवावे, त्याला किती जागा लागेल आणि त्याला कोणी हात लावावा, एवढे कळते. आत काय आहे याची हमी ती देत नाही. आपण एखादी आज्ञावली चालविण्यास सांगतो, तेव्हा लोडर आपली आज्ञा निमूटपणे पाळीत असतो. गाठोडे कोणाकडून आले, हा प्रश्न त्यापूर्वी आपणच विचारावयास हवा.